काचेच्या दाराची खोली

भिंतींना कोणता रंग द्यावा यावर आमच्या दवाखान्याच्या समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत गुलाबी ठरला, दुसऱ्या बैठकीत तो बायकी म्हणून रद्द झाला आणि तिसऱ्या बैठकीत पिस्त्यावर एकमत झालं. अध्यक्षांच्या बंगल्याला तोच रंग होता आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या बंगल्यात पाऊल टाकताच माणसाला शांत वाटायचं. तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, शांत वाटायचं ते अध्यक्ष बाहेरगावी असले तर.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. तिने नुकतीच समुपदेशनाची खोली थाटली आहे. उद्घाटनाआधी मला दाखवायला घेऊन गेली. वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं टीचभर कारंजं, कसल्याशा फुलांचा वास आणि भिंतीवर समुद्रकिनाऱ्याचा फोटो. म्हणाली, "मावशी, आलेल्या माणसाला आपलंसं वाटलं पाहिजे ना." मी छान आहे म्हटलं. पोरीने हौसेने केलं होतं, आणि हौसेला मोल नसतं. मग तिने विचारलं, तुझ्या वेळी खोली कशी होती? मी म्हटलं, लिहूनच देते. या अंकाच्या संपादकांचाही महिनाभर तगादा होताच.

आमचं काम काय असतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही. मनाचा आजार झालेल्या माणसाला डॉक्टर गोळी देतात. ती घेऊन माणूस घरी जातो, आणि घर जिथे होतं तिथेच असतं. सासू तीच, सेठ तोच, शेजारी तेच. त्या घरात हा माणूस कसा टिकेल ते पाहणं हे माझ्यासारख्या समाजकार्यकर्तीचं काम. त्यासाठी त्याला बोलतं करायचं आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसायला शिकण्यासाठी दोन वर्षं कॉलेजात जावं लागतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ एक धर्मादाय दवाखाना होता. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तिथे दर गुरुवारी मुंबईहून मनोविकारांचे डॉक्टर येऊ लागले आणि मी ठाण्याहून एसटीने येऊ लागले. डॉक्टर तपासायचे पुढच्या खोलीत. माझ्यासाठी व्हरांड्याच्या टोकाची एक खोली सजवायचं ठरलं, आणि समिती कामाला लागली.

समितीत कापडाचे व्यापारी होते, एक जमीनदार होते आणि दानशूर म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ होते, ज्यांचं दान कुणी पाहिलेलं नव्हतं. यांच्यापैकी एकानेही आयुष्यात एखाद्या दुःखी माणसाचं बोलणं दहा मिनिटं सलग ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण दुःखी माणसाला कुठे बसवावं, याबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं होतं. त्यांनी मुंबईहून एक सजावटकार आणला. तो घरातही काळा चष्मा लावायचा. त्याने खोलीत उभं राहून डोळे मिटले आणि सांगितलं की भिवंडीच्या माणसाला सर्वांत जास्त गरज शांततेची आहे. समितीने माना डोलावल्या. मग त्याने चारही भिंतींना आतून बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून बुचाच्या लाकडाचे तक्ते ठोकले, खाली गालिचा घातला आणि सिनेमात असतो तसा एक लांबलचक कोच आणून ठेवला. तीन बैठकांचा तो पिस्ता रंग बुचाखाली गेला, तो कुणाला दिसलाच नाही.

गालिच्याचं पहिल्या आठवड्यातच कळलं. लोक चपला बाहेर काढायचे, गालिच्यावर मांडी घालून बसायचे आणि खुर्चीवर पिशवी ठेवायचे. कोचाची हकीकत त्याहून बरी. निजामपुऱ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारे एक म्हातारे मोमीनचाचा झोप येत नाही म्हणून आले होते. त्यांना मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कोचावर पडायला सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पडले आणि बाही वर करून सुईची वाट बघत राहिले. सुई येत नाही हे कळल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं की ते तिथेच घोरायला लागले. अडीच तास झोपले. त्यांच्या डबल शिफ्टच्या आयुष्यातली ती पहिली सलग झोप असावी. पुढच्या गुरुवारी ते दोन मित्रांना घेऊन आले.

आणि शांतता? भिवंडीत ज्याचा जन्म गेला त्याला विचारा शांतता म्हणजे काय. रात्रंदिवस लूम चालू असतात, भिंतींना हात लावला तर हाताला कळतं. ते सगळे आवाज एकदम थांबले तर त्याचा अर्थ वीज गेली, संप झाला किंवा कुणाचा तरी हात गेला. त्या बुचाच्या खोलीत दार लावताच आवाज बंद व्हायचा, आणि समोरचा माणूस बोलायचं सोडून छताकडे बघायचा. एकाने तर उठून दार उघडलं आणि विचारलं, "मॅडम, बत्ती गुल हुई क्या?" दिवा डोक्यावर जळत होता.

या सगळ्यावर मी मनापासून हसत होते. उंटावरून शेळ्या हाकणारी समिती, असं मी त्यांना ठाण्याच्या घरी रोज म्हणायचे. मात्र त्या खोलीत एक गोष्ट माझी होती. तीही आता सांगितली पाहिजे.

ते नसबंदीचे दिवस होते. सरकारी शिबिरांची लोकांनी एवढी धास्ती घेतली होती की दवाखान्यात कुठलंही दार बंद झालं की बाहेर कुजबुज सुरू व्हायची. माझ्या खोलीचं दार लाकडी, जाड, आतून कडी असलेलं. एका रुग्णाच्या भावाने तर दारात पाय घालून ठेवला, लावूच दिलं नाही. आत नेऊन ऑपरेशन करतात, असं त्याला नाक्यावर कुणीतरी सांगितलं होतं. लोक येईनासे झाले. तेव्हा मी समितीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, दाराला काच लावा. वरपासून कंबरेपर्यंत स्वच्छ काच. आत काय चाललंय ते बाहेरच्या माणसांना दिसू दे. ऐकू येणार नाही, पण दिसेल. शिवाय रुग्णाची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची, म्हणजे त्याला आपली माणसं दिसत राहतील आणि कोंडल्यासारखं वाटणार नाही. मी दाराकडे पाठ करून बसेन. खिडकीचा उजेड रुग्णाच्या चेहऱ्यावर पडेल, मला त्याचे भाव दिसतील. हे सगळं मी एका परदेशी पुस्तकात वाचलं होतं आणि त्यात नसबंदीच्या धास्तीवर काचेची अक्कल माझी घातली होती.

काच लागली आणि चमत्कार झाला. व्हरांड्यातला बाक गुरुवारी गच्च भरायला लागला. रुग्ण चार आणि बाकावर माणसं बारा. मी समितीला अहवाल दिला की केंद्राबद्दलचा विश्वास वाढतो आहे. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं.

यमुना त्याच दिवसांत आली. काल्हेरच्या बाजूच्या एका गावातली, विशी ओलांडलेली, मुलगी चार महिन्यांची. नवरा निजामपुऱ्यात लूमवर. तिच्याबरोबर तिची नणंद अनसूया यायची. ती त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर यंत्राने सूत गुंडाळायची. यमुनाला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. ती विहिरीकडे जायची नाही, विळी हातात धरायची नाही. पोरीला न्हाऊ घालायची वेळ आली की ती कुणालातरी जवळ बसवून घ्यायची. सासरचे म्हणत बाहेरचं काहीतरी झालंय. अनसूयाच म्हणाली होती, दवाखान्यात दाखवू. हे तिच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

दोन गुरुवार यमुना काही बोलली नाही. तिसऱ्या गुरुवारी अनसूया पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. यमुनाने काचेतून पोरीकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, पोरीला पानी घालताना मनात येतं, हिला हिरीत टाकावी. रोज येतं. मी राक्षसीन हाय."

मी पुढे वाकले. तिला सांगितलं की बाळंतपणानंतर कितीतरी बायांच्या मनात असं येतं, आणि एकही दुसरीला सांगत नाही. जिला ते करायचं असतं तिला त्याची अशी भीती वाटत नाही. तू विहिरीकडे जात नाहीस, विळी धरत नाहीस, ती पोरीच्या मायेपोटीच. हा आजार आहे, बरा होतो, आणि पोर तुझ्याजवळच राहिली पाहिजे. यमुनाने डोळे पुसले आणि विचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं. त्या दिवशी एसटीत बसताना मला माझ्या धंद्याचा फार अभिमान वाटला होता.

पुढच्या गुरुवारी यमुना आली नाही. त्यानंतरच्याही नाही.

आमच्याकडे मालनबाई नावाची आया होती. वीस वर्षं तिने कांड्या भरल्या, त्यात कान गेले, मग दवाखान्यात झाडलोट करायला लागली. तिने मला सांगितलं की यमुनाची पोर सासूने काढून घेतली आहे आणि यमुनाला माहेरी धाडलं आहे. गावभर झालंय की ती पोरीला विहिरीत टाकणार होती. पोर अंगावर पिणारी, तिला वरचं दूध सोसत नाही, रात्रभर रडते. हे तिने फरशी पुसता पुसता सांगितलं.

ते वाक्य यमुनाने या खोलीत एकदाच उच्चारलं होतं. डॉक्टरांनाही मी अजून सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कुणी सांगितलं त्यांना?

"अनशीनं. बाहेरून वाचलं ना तिनं," मालनबाई म्हणाली.

मला कळेना. मालनबाईने फडकं बादलीत टाकलं, बाहेर गेली, दार लावलं आणि काचेपलीकडे उभी राहिली. मला बोला अशी खूण केली. मी अगदी पुटपुटत म्हटलं, आज माझा डबा घरी राहिला. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "मग माझ्यातली अर्धी भाकर खा."

कारखान्यात कानाशी तोंड लावल्याखेरीज कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. लूमवाले आणि कांडीवाल्या ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात, अख्ख्या कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासू-सुनांची भांडणं, सोयरिकी, चहाड्या, सगळं आवाजाशिवाय. भिवंडीतल्या पोराटोरांनाही हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते ठाण्याहून येणाऱ्या उच्चशिक्षित बाईला, जिने रुग्णाचं तोंड बाकाकडे करून, त्यावर खिडकीचा उजेड पाडून, पुढे स्वच्छ काच लावून दिली होती. बाक का भरतो ते मला त्या क्षणी कळलं. समितीला मी विश्वासाचा अहवाल दिला होता, तो फुकटचा तमाशा बघायला जमणाऱ्या गर्दीचा होता.

मी मालनबाईवर चिडले. इतके महिने तू गप्प का राहिलीस? तिला माझ्या चिडण्याचंच नवल वाटलं. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत हाय. लोकांना दिसावं म्हणून काच लावली असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत की."

समितीला नावं ठेवायची माझी हौस त्या दिवशी फिटली. त्यांच्या कोचावर एक म्हातारा झोपला होता, एवढंच त्यांचं पाप. माझ्या दारापायी चार महिन्यांची पोर आईपासून तुटली होती.

आणखी एक गोष्ट मला हळूहळू उमगली. अनसूयाने जे वाचलं ते अर्धंच होतं. यमुनाचं तोंड तिच्याकडे होतं, माझी पाठ. त्यामुळे रोग तिला कळला आणि उत्तर कळलंच नाही. घरी जाऊन यमुनाने माझं सांगणं सांगितलं असेलही, पण राक्षसीण ठरलेल्या बाईचं कोण ऐकतो?

मी मालनबाईला घेऊन निजामपुऱ्यात गेले. गल्लीत शिरल्यापासूनच पायाखाली हादरे. कारखान्याच्या एका अंगाला दहाबारा बाया कांडीच्या यंत्रांवर उभ्या होत्या. अनसूयाने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिच्याजवळ जाऊन घसा फोडून ओरडायला लागले. माझाच आवाज मला ऐकू येईना. मालनबाईने माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून सांगितलं, "वरडू नका. सावकाश बोला, तोंड उघडून. ती वाचंल."

मग मी आवाज काढायचं सोडून दिलं. अनसूयासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द ओठांनी बोलले. यमुनाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, माझं बोलणं त्या दिवशी तुला दिसलं नाही, ते आता बघ. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांच्या मनात असं येतं. त्या वाईट नसतात. ज्यांना भीती वाटते त्या कधीच तसं करत नाहीत. पोर आईजवळ ठेवावी, आईजवळ माणूस ठेवावा. मुकाट्याने ओठ हलवणारी मी किती हास्यास्पद दिसत असेन याची मला कल्पना होती. बोलणं संपलं तेव्हा अनसूयाच्या यंत्रावरचं सूत तुटलं होतं आणि तिने जोडलं नव्हतं. मी मान वळवली. बाकीच्या बायांचीही सुतं तुटली होती. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

पलीकडच्या यंत्रावर एक पोक्त बाई होती, नाकात मोठी चमकी, केस पांढरे व्हायला लागलेले. तिने अनसूयाकडे बघून ओठ हलवले. मला काही कळलं नाही. मी मालनबाईकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ती म्हनते, मला पन आलतं. दुसऱ्या पोराच्या टायमाला." मग आणखी एकीचे ओठ हलले. आणि तिसरीचे. मालनबाई सांगायची थांबली. मीही विचारलं नाही.

अनसूया माझ्याबरोबर बाहेर गल्लीत आली. तिथे निदान ओरडून बोलता येत होतं. ती रागावलेली होती आणि तिचा राग खरा होता. "मी कायपन खोटं न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "पोर माझ्या मांडीवर व्हती, बाई. माझ्या मांडीवर असताना मी ते वाचलं. तुम्ही त्याच वक्ताला मला आत का न्हाय बोलावलं?"

रुग्ण बाईचं बोलणं नातेवाइकाला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, असं मी तिला सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी पोर यमुनाकडे परत आली. अनसूयाने घरी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पोर हातापायांच्या काड्या होऊन आली होती, पण सावरली. यमुना पुन्हा दवाखान्यात आली नाही. डॉक्टरांच्या गोळ्या अनसूया येऊन घेऊन जायची, बाकावर न बसता.

मी काचेवर खाकी कागद चिकटवला. सजावटकाराने निरोप धाडला की कागद विद्रूप दिसतो, धुरकट काच लावू, त्यावर कमळ कोरू. मी ती खोली कुलपासकट समितीला परत दिली. त्यांनी तिथे देणगीदारांच्या तसबिरी लावल्या, आणि बुचावर खिळे छान बसतात म्हणून सगळे खूश झाले. मी मागच्या कोठीत दोन स्टुलं टाकून बसायला लागले. खिडकी नव्हती, कापसाच्या गठ्ठ्यांचा वास होता आणि शेजारच्या कारखान्याची धडधड भिंतीतून यायची. दाराला पाठ लावून मालनबाई बाहेर बसायची. दोन्ही स्टुलांची तोंडं भिंतीकडे. शेजारी शेजारी बसून भिंतीशी बोलायचं. पुढची अकरा वर्षं मी तिथेच काम केलं, आणि जे काही थोडंफार जमलं ते तिथेच. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणेल, मावशी, किती डिप्रेसिंग.

यमुना मला त्यानंतर एकदाच भेटली, सातआठ वर्षांनी, धामणकर नाक्यावर. मी रिक्षाची वाट बघत होते. तिनेच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. अंगाने भरली होती, हातात भाजीची पिशवी. झोप लागते, सगळं ठीक हाय, म्हणाली. अनसूयाचं लग्न होऊन ती पडघ्याला गेली. आम्ही पाच मिनिटं उभ्या होतो आणि तेवढा सगळा वेळ यमुनाने पदराचं टोक तोंडापुढे धरलेलं होतं. मला वाटलं, धुरामुळे. ट्रक चालले होते. मी म्हटलं, पदर काढ ग, तुझा चेहरा तरी बघू दे. तिने मान हलवली. "ऱ्हाऊ दे बाई. सवय लागली हाय."

तिच्या बाजूला मुलगी उभी होती, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली. चांगली धट्टीकट्टी होती. मी तिला नाव विचारलं. तिने आधी तळहात ओठांपुढे धरला, आणि मग नाव सांगितलं.